शिडाच्या बोटीचा 'झुलता कील' म्हणजे काय? तो नीट अडकवला नाही तर काय होतं?

पावसाळा संपताना अकोले तालुक्यातलं भंडारदरा धरण भरलेलं असतं. मग शेतीसाठी आवर्तनं सुटतात, पाणी खाली निळवंड्याकडे जातं आणि उन्हाळ्यापर्यंत काठ मागे सरकून खडक उघडे पडतात. राहुरीजवळच्या मुळा धरणाचं आणि शेवगाव-नेवाशाला लागून असलेल्या जायकवाडीच्या फुगवट्याचंही तसंच. अहिल्यानगर जिल्ह्यात मोठे जलाशय आहेत, पण त्यांची खोली दर महिन्याला बदलते.

अशा पाण्यात शिडाची छोटी बोट न्यायची तर दोन अडचणी येतात. वाऱ्यात उभी राहण्यासाठी बोटीच्या तळाला खोलवर वजन लागतं. पण तेच खोल वजन काठावरच्या दगडांना घासतं आणि बोट गाडीमागे ट्रेलरवर टाकून आणतानाही आडवं येतं. या दोन्हींवर शोधलेला उपाय म्हणजे झुलता कील. उपाय चांगला आहे, पण एका अटीवर: कील जिथे असायला हवा तिथेच तो अडकवून ठेवलेला असला पाहिजे.

कीलचं काम काय?

शिडाच्या बोटीला वारा फक्त पुढे ढकलत नाही, बाजूलाही ढकलतो आणि कलंडवतो. तळाखाली असलेलं उभं पातं, म्हणजे कील, ही दोन्ही कामं रोखतं. त्याच्या रुंद बाजूमुळे बोट आडवी सरकत नाही आणि त्याच्या वजनामुळे कललेली बोट पुन्हा सरळ होते.

२००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या ५६ फुटी बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात बांधलेल्या त्या बोटीचा कील तळाला कायमचा जोडलेला होता. समुद्रात ते योग्यच, कारण तिथे खोलीची चिंता नसते आणि बोट रस्त्यावरून न्यायची नसते.

शिडाच्या अगदी लहान बोटींना, उदाहरणार्थ दोघांनी चालवायच्या शर्यतीच्या बोटींना, हलकी फळी असते. ती वर-खाली करता येते, पण बोट सरळ ठेवण्याचं काम मुख्यतः माणसांचं वजन करतं. झुलता कील या दोन्हींच्या मधला आहे. तो फळीसारखा वर उचलता येतो, पण असतो जड.

'झुलता' म्हणजे नेमकं काय?

घडीची विळी आठवा. पातं एका टोकाला खिळलेलं असतं, वापरताना उभं करायचं आणि काम झालं की पाटावर दुमडायचं. झुलता कीलही पुढच्या टोकाला एका जाड पिनवर बसवलेला असतो. बोटीच्या तळात एक लांबट खाच असते. विंच फिरवली की तारेची केबल कीलचं मागचं टोक ओढते आणि कील त्या खाचेत दुमडला जातो. केबल सोडली की तो स्वतःच्या वजनाने खाली येतो.

अमेरिकेतली 'कॅटालिना २२' ही या प्रकारातली सर्वांत माहितीतली बोट. तिची निर्मिती १९६९ मध्ये सुरू झाली. साडेएकवीस फुटी या बोटीचा ओतीव लोखंडाचा कील सुमारे २५० किलोचा असतो. तो वर असताना बोटीला साधारण २ फूट पाणी पुरतं, खाली असताना ५ फूट लागतं. ओढून नेण्याजोगी बोट आणि खोल कील या दोन्ही गोष्टी एकत्र येतात त्या या तीन फुटांच्या फरकामुळे.

पाण्यावर: केबल आहे, मग बोल्ट कशाला?

नवख्यांचा इथेच गैरसमज होतो. विंच आणि केबल दिसते, म्हणजे कील पक्का आहे असं वाटतं. पण केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. ती कील वर उचलते, पण खाली धरून ठेवत नाही. खाली त्याला धरून ठेवतं ते फक्त त्याचं स्वतःचं वजन.

आता जोराचा झोत आला आणि बोट पूर्ण आडवी झाली असं समजा. ती आणखी थोडी कलली की कील तळाच्या वरच्या बाजूला येतो. मग जे वजन त्याला बाहेर ठेवत होतं, तेच त्याला परत खाचेत पाडतं. उघडी विळी उलटी धरली तर पातं आपोआप मिटतं, तसंच. बोटीला सरळ करणारं २५० किलोचं वजन ऐन गरजेच्या क्षणी मिटून जातं आणि बोट पूर्ण उलटी होऊन तशीच राहू शकते. शिवाय इतकं लोखंड खाचेत आदळलं तर तळाला तडा जाऊ शकतो.

म्हणून अनेक बोटींत कील खाली असताना अडकवण्यासाठी बोल्ट किंवा आडवी पिन दिलेली असते. कील पूर्ण खाली सोडायचा, केबल किंचित सैल झाली की थांबायचं आणि मग हा बोल्ट आवळायचा. वारा असताना कील अर्धवट वर ठेवून शीड चालवू नये.

आणि खडक लागला तर?

बोल्टची दुसरी बाजूही आहे. मोकळा कील खडकाला लागला तर मागे झुलतो आणि धक्का पचवतो. आवळलेला कील झुलत नाही. तो धक्का थेट बोल्ट, पिन आणि तळावर जातो.

म्हणजे एकच नियम सगळीकडे चालत नाही. खोल पाणी आणि वारा असेल तर कील अडकवलेला हवा. काठाजवळ येताना आधी शीड उतरवायचं, वेग कमी करायचा, मग बोल्ट सैल करून कील उचलायचा. बोट बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत वेगळी सूचना असेल तर तीच पाळायची. बुडालेले खडक, जुने बांध आणि झाडांचे बुंधे धरणाच्या पाण्यात वरून दिसत नाहीत. त्यामुळे स्थानिक मच्छीमारांना विचारून घेतलेलं बरं.

रस्त्यावर: कील केबलला टांगायचा नाही

पुण्याहून भंडारदऱ्याला जाताना चंदनापुरी घाट, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता लागतो. वाटेत वळणं, गतिरोधक आणि खड्डे येतात. कील नुसता केबलला टांगलेला असेल तर प्रत्येक खड्ड्यात तो उसळतो आणि परत केबलवर आदळतो. उभ्या बोटीत सहज पेलणारी केबल या झटक्यांनी हळूहळू तुटत जाते. पिनचं भोकही झिजतं. केबल तुटलीच तर कील ट्रेलरच्या सांगाड्यावर किंवा थेट रस्त्यावर येतो.

म्हणून प्रवासात कीलचं वजन ट्रेलरवर असलं पाहिजे. त्यासाठी ट्रेलरवर कीलखाली लाकडी किंवा रबर लावलेला आधार असतो. बोट ट्रेलरवर पूर्ण बसली की कील त्या आधारावर टेकेपर्यंत हलकेच सोडायचा. केबलवरचा ताण गेला, पण ती लोंबत नाही, इतपतच. बोल्ट हा जोडीचा बंदोबस्त आहे, आधाराला पर्याय नाही. त्यानंतर रुंद पट्ट्यांनी बोट ट्रेलरला पुढून आणि मागून आवळायची. बोट ट्रेलरवर उसळत असेल तर खालच्या आधाराचा उपयोग राहत नाही. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पट्ट्या पुन्हा तपासाव्यात.

पाण्यात उतरवताना क्रम काय?

१. काठावरच कील पूर्ण वर घ्यायचा, म्हणजे तो आधारावरून उचलला जाईल.
२. ट्रेलर पाण्यात नेऊन बोट पूर्ण तरंगू द्यायची.
३. बोट ट्रेलरपासून दूर नेऊन पुरेशी खोली आहे याची काठीने किंवा दोरीने खात्री करायची.
४. विंचचं हँडल हातात घट्ट धरून कील सावकाश सोडायचा. हँडल सुटलं तर ते गरगर फिरून मनगट मोडू शकतं.
५. कील पूर्ण खाली गेल्यावर बोल्ट आवळायचा, त्यानंतरच शीड चढवायचं.

बोट परत ट्रेलरवर घेताना हाच क्रम उलटा.

हंगामाआधी काय तपासायचं?

केबलची एकही तार तुटून बाहेर आली असेल तर केबल बदलावी. केबलच्या दोन्ही टोकांचे जोड, विंचचे दाते आणि ब्रेक, पिन आणि ती धरणारे बोल्ट पाहावेत. कील हाताने बाजूला हलवल्यावर खडखडत असेल तर पिन झिजली असण्याची शक्यता आहे. धरणाचं पाणी गोडं असल्याने समुद्राइतका गंज चढत नाही, पण खाचेत गाळ आणि खडे अडकून कील जाम होऊ शकतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कील केबलवर टांगलेला असताना बोटीखाली कोणीही शिरू नये. आधी भक्कम लाकडी ठोकळे लावायचे, मगच हात घालायचा. बोट महिनोन् महिने उभी ठेवतानाही कील असाच टेकवून ठेवावा.

धरणाचं पाणी शांत असतं, हा समज

२१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात, करमाळ्यातल्या कुगाव आणि इंदापुरातल्या कळाशीदरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात बुडाली आणि सहा जणांचा जीव गेला. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. या बोटी शिडाच्या नव्हत्या, त्यांचा कीलशी संबंध नव्हता. पण वळवाचा वारा किंवा नदीचा भोवरा किती कमी वेळ देतो, हे त्या आठवड्याने दाखवलं.

म्हणून बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं. दुपारनंतर आभाळ भरून आलं तर काठ गाठावा. पाण्यात उतरण्याआधी जलसंपदा विभागाची आणि स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्यावी. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आणि जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्यात येत असल्याने तिथे वनविभागालाही विचारावं लागतं.

कीलच्या बाबतीत निघण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारायचे. रस्त्यावर असाल तर: वजन ट्रेलरवर आहे की केबलवर? पाण्यात असाल तर: बोट उलटली तरी कील जागेवर राहील का? पहिल्याचं उत्तर 'केबलवर' किंवा दुसऱ्याचं 'नाही' असेल, तर निघायची वेळ अजून झालेली नाही.