ताठ पायांचं कोडं

1956 साली जमैकात डॉ. एरिक क्रुइकशँक यांनी एका विचित्र आजाराची नोंद केली. पाय ताठ होत, चाल अडखळे, लघवीवरचा ताबा सुटे. दोष कधी कुपोषणाला, कधी उपदंशाला दिला जाई.

उलगडा व्हायला तीन दशकं लागली. 1985 मध्ये मार्टिनिक बेटावरच्या अशा निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रक्तात एचटीएलव्ही-1 विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. पुढच्याच वर्षी जपानच्या कागोशिमात मित्सुहिरो ओसामे यांनी तेच नातं दाखवलं.

हा विषाणू अंगात कायमचा मुक्काम ठोकतो. बहुतेकांना काहीच होत नाही; थोड्यांच्या मज्जारज्जूत मात्र शरीराच्याच रक्षक पेशी दाह पेटवतात. म्हणून स्टेरॉइड आणि इंटरफेरॉन-अल्फा आले. काहींचे पाय जरा सैल झाले, रोग मुळासकट गेला नाही. एचआयव्हीची औषधंही वापरून झाली. ती फारशी लागू पडली नाहीत.

खरी बाजी मारली ती प्रतिबंधाने. हा विषाणू रक्तातून आणि आईच्या दुधातूनही पसरतो. म्हणून 1986 पासून जपान दात्यांचं रक्त तपासू लागला. नागासाकीत 1987 पासून गरोदर बायकांची तपासणी होऊन बाधितांना बाळाला वरचं दूध देण्याचा सल्ला मिळू लागला. ओल्या बाळंतिणीला हे सांगणं काही सोपं काम नव्हे! पण बाळांमधला संसर्ग खूपच घटला. हीच तपासणी देशभर व्हायला मात्र 2010-11 उजाडलं, आणि हा उशीर अक्षम्यच म्हणायला हवा.