बाळंतविड्यातली लोकर

दख्खनच्या पठारावर लोकरीची वानवा कधीच नव्हती. धनगरांचे कळप होते, बायका चातीवर सूत काढत आणि सणगर मागावर घोंगड्या विणत. पण दोन सुयांवर टाके घालून मोजा, टोपडं, स्वेटर करायची विद्या इथली नव्हे. सुयांवर विणलेल्या सगळ्यात जुन्या वस्तूंत इजिप्तमधले निळ्या-पांढऱ्या सुती धाग्याचे मोजे मोडतात. ते साधारण हजार वर्षांपूर्वीचे. तिथून ही कला युरोपात गेली आणि आपल्याकडे आली ती इंग्रजी अमलात, मिशनरी बायका आणि साहेबांच्या मडमा यांच्या हातून.

७६व्या वर्षी मला या इतिहासाची ओढ लागली, त्याला कारण आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. कोणता उपचार करून घ्यायचा हे ठरवताना पुढे काय विणायचं हेही ठरवावं लागतं. मग मनात येतं, हे काम आमच्या घरात आलं कुठून आणि टिकलं कशामुळे?

आलं ते शाळेतून. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ साली मुलींची शाळा काढली. पुढे अहमदनगरला सिंथिया फरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडेच शिक्षिकेचे धडे घेतले. मिशनच्या शाळांत अक्षरओळखीबरोबर सुईकाम असेच. मला वाटतं, लेकीला शाळेत धाडायला कचरणाऱ्या आईबापांना ‘निदान हाताला वळण तरी लागेल’ एवढा आधार त्यातून मिळाला असेल. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथे शिवण-विणकाम शिकलेल्या कितीतरी विधवांना स्वतःचे चार पैसे मिळू लागले.

लोकर मात्र बाहेरून आणावी लागली. दख्खनी मेंढीची लोकर राठ, घोंगडीला उत्तम पण बाळाच्या अंगाला टोचणारी. आमच्या आईच्या तोंडी दोनच नावं असत: कानपूरची लाल इमली आणि पंजाबातली धारीवाल. पहिली गिरणी १८७६ची, दुसरी १८८०ची. लडी आणायची, समोरच्याच्या पसरलेल्या हातांवर अडकवायची आणि सैलसर गुंडा करायचा. गुंडा घट्ट झाला तर लोकर ताणली जाते आणि पहिल्या धुण्यात स्वेटर आखडतो, हे तिने मला सुया हातात देण्याआधी शिकवलं.

सुयांचे नंबरही इंग्रजांचेच. नंबर मोठा तितकी सुई बारीक: दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, बारा नंबर पावणेतीन. विलायतेत हे माप १९७०च्या दशकात मागे पडलं. तुळशीबागेत आजही ‘दहा नंबरच्या द्या’ म्हटलं की दुकानदार बरोबर त्याच काढतो.

आता, ज्या मुलखात थंडी जेमतेम दोन महिने, तिथे हे काम टिकलं कसं? माझं उत्तर एकच: बाळंतविडा. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी देण्याची चाल आपल्याकडे होतीच. लोकरीचे मोजे आणि स्वेटर तिच्यात सहज सामावले. बाळाचा मोजा बघा. तळवा सगळा सुलट, घोट्याशी आलं की एक ओळ जाळीची: दोन टाके एकत्र विणायचे, धागा पुढे घेऊन एक टाका वाढवायचा, असं शेवटपर्यंत. त्या भोकांतून नाडी ओवली की बाळाने कितीही पाय झाडले तरी मोजा निघत नाही. ही ओळ मी आईकडून घेतली, तिने शाळेतल्या बाईंकडून.

१९६२ साली चीनने आक्रमण केलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. नेफातले, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशातले, जवान पुरेशा गरम कपड्यांविना लढत होते. देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत बाकाबाकांवर खाकी लोकरीचे मफलर चढत असत. ज्यांना हे फावल्या वेळचे चाळे वाटत, ती घरातली पुरुषमंडळी त्या हिवाळ्यात आपणहून लोकरीला पैसे देत होती.

पुढे लुधियानाचे यंत्रावरचे स्वेटर आले. १९५९नंतर भारतात आश्रयाला आलेले तिबेटी दर हिवाळ्यात ते गावोगावी विकू लागले. त्यांचं पोट त्यावर चाललं, आपल्याला स्वस्त ऊब मिळाली. घरची लोकर मात्र कमी कमी होत गेली.

राहता राहिला माझा निर्णय. आईचा मोतीबिंदू काढला तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नव्हते. लंडनला हॅरल्ड रिडली यांनी कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवलं ते १९४९मध्ये, पण आपल्याकडे ते सर्रास व्हायला फार वर्षं लागली. आई जाड चष्म्याने वावरली आणि पुढे फक्त साधी सुलट वीण, तीही बोटांनी चाचपत, करत राहिली. मला निवड आहे: भिंग लांबचं घ्यायचं की जवळचं. जवळचं घेतलं तर टाके चष्म्याविना दिसतील. सून म्हणाली, “आई, रस्ता ओलांडताना काय कराल?” तिचं खरं आहे. या वयात पडून खुबा मोडला तर विणणं काय, सगळंच थांबेल. म्हणून लांबचं. विणायला चष्मा चाळिशीपासून आहेच.

अंगठ्याची शस्त्रक्रिया मात्र आत्ता नको म्हटलंय. हात कित्येक आठवडे बांधून ठेवावा लागेल आणि नातीचे दिवस फाल्गुनात भरतायत. पट्टा बांधते, थोडं विणून थांबते आणि वायरने जोडलेल्या गोल सुया वापरते. त्यांवर विणीचं वजन मांडीवर राहतं. डोळ्यांच्या आधी बाळाचा फिकट पिवळा संच, जाड लोकरीत. गडद निळा रंग, ज्यात टाके दिसतच नाहीत, तो डोळे झाल्यावर, मुलाच्या स्वेटरला. आईच्या वहीतले नमुने त्या स्वेटरच्या जोडीने उतरवून काढणार आहे, ‘सु २, उ २’ अशा तिच्याच खुणांत.

आपण पैठणी पिढ्यान्‌पिढ्या जपतो आणि हातचा स्वेटर बोहारणीला देऊन टाकतो. देण्याआधी एवढं करा: कुणी, कुणासाठी, कोणत्या साली विणला, ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून लिहून ठेवा. हा इतिहास सांगणाऱ्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. विचारायचं ते आत्ताच विचारा.