दोराचा न लिहिलेला शब्द

मंडळी, आज आपण ज्या शब्दाविषयी बोलणार आहोत, तो लिहिलेला असा कुठेच सापडलेला नाही. 'राइपाझ', म्हणजे दोर. शब्द आद्य जर्मानिक भाषेतला. ग्रंथांत त्याच्या आधी एक तारका छापतात. तिचा अर्थ इतकाच, की नातवंडांच्या चेहऱ्यांवरून आजीचा चेहरा काढलेला आहे. मग त्यावर विश्वास का ठेवायचा?

नातवंडं बघू. जुन्या इंग्रजीत 'राप', आज 'रोप'. स्वीडिशमध्ये 'रेप'. चौथ्या शतकात वुल्फिलाने केलेल्या गॉथिक बायबलात 'स्काउडाराइप' येतो, म्हणजे वहाणेची वादी. आता याच्या शेजारी दगडाचा शब्द ठेवा: गॉथिक 'स्टाइन्स', जुनी इंग्रजी 'स्टान', आजची 'स्टोन', जर्मन 'श्टाइन'. दोरही त्याच वाटेने गेला: राइप, राप, रोप आणि जर्मनमध्ये 'राइफ'. शेवटच्या 'प'चा 'फ' कसा झाला? इंग्रजी 'शिप', जर्मन 'शिफ', तसाच. म्हणजे बदल झाला तो नियमाने. आपला भरवसा आहे तो या नियमावर.

अर्थाचं मात्र तसं नसतं. जर्मन 'राइफ' म्हणजे आज दोर नाही. दोर गोल वळवला की कडं होतं. पिंपाचं कडं, बोटातली अंगठी, आणि त्यातूनच 'राइफेन', गाडीचा टायर! उत्तरेकडच्या बोलीत मात्र 'रेप' जहाजाचा दोरच राहिला. हॅम्बुर्गची प्रसिद्ध रेपरबान म्हणजे दोर वळणाऱ्यांची लांबलचक सरळ वाट. लांब दोर वळायला जागाही तशीच लागते. आणि इंग्रजी 'स्टिरप', आपली रिकीब? जुन्या इंग्रजीत ती 'स्टिगराप', चढायचा दोर.

मुळाशी 'फाडणे' अशा अर्थाचा धातू असावा, असं काही अभ्यासक मानतात. डच 'रेप' म्हणजे पट्टी, अगदी चॉकलेटचीसुद्धा, हे त्याला जुळतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न: 'रोप' आणि आपला 'रज्जू' एकच का? नाही. पहिला 'र' सारखा आहे, बाकी काही नियमात बसत नाही. 'रज्जू'चं नातं लॅटिन 'रेस्टिस'शी लावतात, तिथेही अर्थ दोर. कानाला सारखं वाटलं म्हणून नातं जोडायचं, ही सवय आपल्याकडे फार. आधी विचारू या: हाच बदल दुसऱ्या शब्दातही दिसतो का? दिसला, तरच तारका लावायचा आपल्याला अधिकार.