फोर्टातला दुपारचा पेपर

‘आफ्टरनून’ हा मुंबईतला पेपर कशावर जगला, हे समजून घ्यायचं तर आधी फोर्टातल्या कचेऱ्यांचं घड्याळ डोळ्यांसमोर आणावं लागतं. सकाळचा पेपर लोकलमध्येच वाचून संपायचा. दुपारी डबा खाऊन पाय मोकळे करायला खाली उतरलं की फाउंटनपासून चर्चगेटपर्यंत फुटपाथवरच्या स्टॉलांवर दुपारचे अंक मांडलेले असत. चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या नव्हत्या. आज सकाळी हायकोर्टात काय झालं, ते आजच छापून हातात मिळायची सोय एवढीच. उरलेली पानं संध्याकाळच्या गाडीसाठी. टॅब्लॉइडचा लहान आकार डोंबिवली फास्टमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला बरोबर पुरायचा. मी त्या भागातल्या एका बँकेत कारकून होतो आणि हा पेपर माझा नेमाचा होता.

पूर्ण नाव ‘आफ्टरनून डिस्पॅच अँड कुरिअर’. 1985 साली तो सुरू केला बेहराम कॉन्ट्रॅक्टर यांनी. वाचक त्यांना ‘बिझीबी’ म्हणून ओळखत. त्यांचं ‘राउंड अँड अबाउट’ हे सदर मात्र पेपरापेक्षा कितीतरी जुनं. 1966 मध्ये टाइम्स समूहाच्या ‘इव्हिनिंग न्यूज ऑफ इंडिया’त ते सुरू झालं. 1979 मध्ये ‘मिड-डे’ निघाला तेव्हा ते तिथे गेलं आणि तिथून ‘आफ्टरनून’च्या शेवटच्या पानावर आलं. सदरामागोमाग वाचकही पेपर बदलत गेले. आमच्या खात्यात तर अंक मागून पुढेच वाचला जायचा. पहिल्या पानावरचा मंत्री थांबायचा, बिझीबी आधी.

त्या सदरात बायको होती, डेरेक आणि डॅरिल हे दोन मुलगे होते आणि बोलशॉय नावाचा बोलका बॉक्सर कुत्रा होता. सगळं कल्पनेतलं कुटुंब. पण पाऊस, बेस्टची बस, निवडणूक, क्रिकेट, इराण्याच्या हॉटेलातला खिमा-पाव हे सारं अस्सल मुंबईचं. मी मराठी शाळेत शिकलेला. इंग्रजी अग्रलेखांपाशी माझी दमछाक व्हायची. बिझीबींचं इंग्रजी मला पहिल्या वाचनात समजलं. छोटी वाक्यं, रोजचे शब्द, कुठेही विद्वत्तेचा आव नाही. फोर्टातल्या माझ्यासारख्या कितीतरी कारकुनांना इंग्रजी पेपर आपलासा वाटला तो या माणसामुळे, असं मी ठामपणे म्हणेन. ते हॉटेलांवरही लिहीत. बॅलार्ड इस्टेटमधल्या ‘ब्रिटानिया’त, 1923 पासूनच्या त्या जागेत, पगाराच्या दिवशी बेरी पुलाव खायला जाण्याचं धाडस आम्हांला त्यांच्या लिखाणाने दिलं. पुढे या सदरांची पुस्तकं निघाली, त्यांना गोव्याच्या मारिओ मिरांडांची चित्रं लाभली. गर्दीतला एकेक चेहरा निराळा काढणारा चित्रकार आणि गर्दीतल्या एकेकाशी बोलणारा लेखक, यांची जोडी जमणारच होती.

9 एप्रिल 2001 रोजी बिझीबी गेले. पेपर पुढे अठरा वर्षं निघत राहिला आणि 2019 मध्ये बंद झाला. मोबाइलने मारला, असं सगळे म्हणतात. ते खरंच आहे. पण मला त्याआधीचं एक कारण मोठं वाटतं. कचेऱ्याच हलल्या. बँक ऑफ इंडियाचं मुख्यालय नरिमन पॉइंट सोडून वांद्रे-कुर्ला संकुलात गेलं, सेबीही गेली. तिथे काचेच्या इमारतीतच कँटीन. जेवून रस्त्यावर उतरायचं कारण उरलं नाही आणि उतरलं तरी फाउंटनसारखी स्टॉलांची रांग नाही. दुपारच्या पेपराला मोकळा अर्धा तास लागतो आणि चालत जाता येईल असा फुटपाथ लागतो. ‘मिड-डे’ने काळ ओळखून सकाळची वेळ धरली.

बिझीबींची सदरं पुस्तकांत राहिली, याचा आनंद आहे. पण मला त्यांच्या आजूबाजूची पानंही हवी आहेत: सिनेमाच्या वेळा, घोड्यांच्या शर्यतींचे अंदाज, भाड्याच्या खोल्यांच्या आणि टायपिस्ट पाहिजेतच्या जाहिराती. 1985 नंतरच्या फोर्टात खोलीचं भाडं काय होतं, टायपिस्टला पगार किती देत, दुपारच्या खेळाला कुठला सिनेमा चालत होता, हे त्या पानांवर रोज छापलं जात होतं. ज्यांच्या माळ्यावर जुने गठ्ठे असतील त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत. एशियाटिकसारख्या ग्रंथालयाला आधी विचारावं.