पेप्टाइड-संलग्न नॅनोकण

पेप्टाइड-संलग्न नॅनोकण : पृष्ठभागावर पेप्टाइडे, म्हणजे ॲमिनो अम्लांच्या लहान साखळ्या, जोडलेले १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण. कण सुटे राहावेत की जुळावेत आणि जुळले तर कोणत्या घडणीत, हे पेप्टाइडातील ॲमिनो अम्लांच्या क्रमावरून ठरवता येते. यातले बरेच मूलभूत काम सोन्याच्या कणांवर झाले.

सायट्रेट वापरून बनवलेल्या सुवर्णकणांचे द्रावण माणकासारखे लाल दिसते. कणांवरील ऋण विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. त्यात मिठाचे पाणी टाकले की हा भार झाकला जातो, कण एकत्र येतात आणि लाल रंग बघता बघता निळसर-करडा होतो. सुटे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात. जवळ आल्यावर हे शोषण लांब तरंगलांबीकडे सरकते. त्यामुळे जुळणी झाली की नाही, हे नुसत्या डोळ्यांनीही कळते.

इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात रॅफाएल लेव्ही व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पाचच ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड मांडले : सिस्टीन, ॲलानीन, ल्युसीन आणि दोन ॲस्परॅजीन. सिस्टीनमधील गंधक सोन्याला घट्ट धरते. मधली दोन जलविरोधी अम्ले शेजारच्या साखळ्यांना बिलगून दाट थर बांधतात. जलस्नेही ॲस्परॅजीन पाण्याच्या बाजूला राहतात. असे कण खारट पाण्यातही लालच राहतात. इतक्या आखूड साखळीत प्रत्येक अम्लाला नेमके काम देणे, हे या रचनेचे खरे यश.

जुळवणीची सर्वांत देखणी उदाहरणे अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात नॅथॅनिअल रोझी यांच्या गटाने दिली. सोन्याला चिकटणाऱ्या बारा अम्लांच्या पेप्टाइडाला त्यांनी मेदस्वरूप कार्बनसाखळी जोडली. पेप्टाइडांचे पिळदार तंतू तयार झाले आणि त्यांवर सुवर्णकण दुहेरी मळसूत्रात ओळीने बसले (२००८). पुढे आरशातील प्रतिमेसारखी, उलट हाताची ॲमिनो अम्ले वापरताच मळसूत्राचा पीळही उलटला.

उलट दिशेची क्रियाही साधते. जुळलेल्या कणांमधील पेप्टाइड प्रथिनविघटक एंझाइमने कापले गेले की कण सुटतात आणि रंग लालीकडे परततो. एंझाइमांच्या चाचणीसाठी हा गुण उपयोगी आहे. मात्र रक्तात शिरलेल्या नॅनोकणांवर तिथली प्रथिने चिकटून स्वतःचा थर चढवतात, आणि कणाचे वर्तन मग जोडलेल्या पेप्टाइडाइतकेच त्या थरावरही अवलंबून राहते.