नादारच्या दालनातील चेहरे

मराठीत 'नादार' म्हणजे ज्याच्यापाशी देणे फेडण्यास काही उरले नाही असा मनुष्य. आज ज्या नादारविषयी आपण बोलणार आहोत तो पॅरिसचा, आणि त्याच्या नावाचा आपल्या या शब्दाशी काडीचा संबंध नाही. फेलिक्स तूर्नाशाँ हे त्याचे मूळ नाव. त्याच्या मित्रमंडळींत शब्दांच्या शेवटी 'दार' जोडून बोलण्याची एक टूम निघाली होती. तिच्यामुळे तूर्नाशाँचा 'तूर्नादार' झाला आणि पुढे आखूड होऊन नुसता 'नादार' उरला. परंतु योगायोग पाहा, १८५० साली हा गृहस्थ कर्जापायी खरोखरीच तुरुंगात जाऊन आला होता. म्हणजे फ्रेंच नादार हा मराठी अर्थानेही नादार होता! अशा या माणसाने आपल्या काळातील चित्रकार, कवी, गायक आणि नट यांचे चेहरे काचेवर उतरवून ठेवले. ती कृष्णधवल चित्रे आज मोठमोठ्या कलादालनांच्या भिंतींवर लागतात, आणि पाहणारा त्यांच्यापुढे थबकतो. असे का व्हावे, हा आपला आजचा प्रश्न आहे.

नादारचा जन्म १८२० मधला. बाप मुद्रक-प्रकाशक होता, पण धंदा बुडाला आणि मुलाला लेखणी व कुंचला यांवर पोट भरावे लागले. वृत्तपत्रांतून व्यंगचित्रे काढता काढता त्याला एक अचाट कल्पना सुचली: साऱ्या समकालीन कीर्तिवंतांची एक भव्य मिरवणूकच शिळाछापावर काढावयाची. चार मोठे तक्ते करण्याचा बेत होता. १८५४ मध्ये त्यांतला पहिला प्रसिद्ध झाला. त्यावर सुमारे अडीचशे साहित्यिक नागमोडी रांगेने चाललेले दिसतात. नाव झाले, पैसा मात्र मिळाला नाही. उरलेले तीन तक्ते योजल्याप्रमाणे निघालेच नाहीत. परंतु या उद्योगात त्याला दोन गोष्टी लाभल्या. एक, पॅरिसमधील प्रत्येक कलावंताशी ओळख. आणि दुसरी, माणसाचे सारे वैशिष्ट्य नाकाच्या वळणात, ओठांच्या मुडपीत कोठे दडलेले असते हे हेरणारी नजर. हे भांडवल घेऊनच तो छायाचित्रणाकडे वळला.

त्या वेळचे छायाचित्रण म्हणजे आजच्यासारखा बोटाचा खेळ नव्हता. इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जी ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली, तिच्यात काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावात बुडवावयाची, आणि थर ओला आहे तोच चित्र घेऊन ते लगेच अंधारखोलीत उमटवावयाचे. थर सुकला की सारे व्यर्थ. समोरच्या माणसाला कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे. आणखी एक गोष्ट अशी की, ती काच निळ्या प्रकाशाला चटकन भुले, तांबड्याला जवळजवळ दाद देत नसे. त्यामुळे तांबूस कातडीवरचा प्रत्येक डाग, प्रत्येक सुरकुती अधिक गडद होऊन येई. या चित्रांतील चेहरे इतके खडतर का वाटतात, याचे निम्मे उत्तर या रसायनात आहे.

उरलेले निम्मे उत्तर नादारमध्ये आहे. त्याच सुमारास दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने भेटपत्राएवढ्या लहान चित्रांचा धडाका लावला होता. १८५४ मध्ये त्याने त्याचे एकस्वही घेतले. पाठीमागे रंगविलेले खांब, मखमली पडदे आणि मध्ये ताठ उभे गिऱ्हाईक, असा तो सारा थाट. नादारने आपल्या सुरुवातीच्या उत्तम चित्रांत हा सारा पसारा दूर केला. मागे साधा पडदा, अंगात बहुधा काळा पोशाख, आणि बाजूने येणारा उजेड. त्या काळोखातून केवळ चेहरा आणि कधी हात वर येतात. विशीतली सारा बर्नहार्ट त्याच्यापुढे बसली तेव्हा ती अजून जगाला ठाऊक व्हावयाची होती. तिच्या अंगावर केवळ एक मोठे वस्त्र लपेटलेले आहे, आणि तेवढे पुरते.

या पद्धतीमागे त्याचा एक विचार होता, आणि तो भांडणातून प्रकट झाला. धाकटा भाऊ आद्रियाँ हाही 'नादार' या नावाने छायाचित्रे काढू लागला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. आपली बाजू मांडताना फेलिक्सने जे सांगितले त्याचा आशय असा: छायाचित्रणाचे शास्त्र तासाभरात शिकता येते, हातोटी दिवसभरात येते; शिकवता येत नाही ती प्रकाशाची जाण आणि समोरच्या माणसाच्या अंतरंगात क्षणात शिरण्याची शक्ती. १८५७ मध्ये निकाल फेलिक्सच्या बाजूने लागला. वरवर पाहता तंटा नावाचा होता, परंतु त्यात यंत्राने काढलेल्या चित्रालाही कर्ता असतो, हे म्हणणे पणाला लागले होते.

कलावंतांना हे मान्य होते काय? येथे इतिहास मोठा गमतीदार होतो. कवी बोदलेर हा नादारचा जिवलग मित्र. त्याची तीक्ष्ण, काहीशी त्रस्त मुद्रा आपण आज ओळखतो ती बरीचशी नादारमुळेच. पण याच बोदलेरने १८५९ च्या कलाप्रदर्शनावर लिहिताना छायाचित्रणावर कोरडे ओढले. त्याने शास्त्राची व कलांची दासी होऊन राहावे, असे बजावले. आणि त्याच बोदलेरने १८६५ मध्ये आईला पत्र लिहून तिचे छायाचित्र मागितले! चित्रकार देलाक्रोआला तर नादारने काढलेले स्वतःचे चित्र पाहून धक्काच बसला, आणि ते नष्ट करण्याची त्याने विनंती केली. ते चित्र आजही आहे. दोमिएने १८६२ मध्ये एक व्यंगचित्र काढले: फुग्यात बसलेला नादार छायाचित्रणाला कलेच्या उंचीवर नेत आहे, आणि खाली प्रत्येक घरावर छायाचित्रणाची पाटी झळकत आहे. त्याच वर्षी फ्रान्सच्या न्यायालयांत छायाचित्र ही कलाकृती ठरू शकते असा निर्णय झाला, तेव्हा अँग्रसह अनेक चित्रकारांनी त्याविरुद्ध निषेधपत्रक काढले. चेहरा हवा, पण त्या चेहऱ्याचा कर्ता नको, अशी ही वृत्ती होती.

नादारला देव्हाऱ्यात बसविण्याचे मात्र कारण नाही. १८६० मध्ये तो बुलव्हार दे काप्युसीनवरील ३५ क्रमांकाच्या प्रशस्त जागेत गेला आणि खर्च वाढला. १८६३ चा त्याचा प्रचंड फुगा 'जेआँ' हॅनोव्हरजवळ आपटला. माणसे वाचली, पैसा बुडाला. मग धंदा चालविण्यासाठी सामान्य गिऱ्हाइकांची ठरीव चित्रे मदतनिसांकरवी काढणे आले. त्याची अव्वल चित्रे बहुतांशी पहिल्या काही वर्षांतली आहेत, जेव्हा समोर मित्र बसत. स्नेह आटला असे नव्हे, सवड आटली.

आणि तरीही याच जागेत एक गोष्ट घडली. १८७४ साली १५ एप्रिलपासून महिनाभर, नादारने सोडलेल्या त्या दालनांत तीस चित्रकारांनी सरकारी प्रदर्शनाला बाजूस सारून आपले प्रदर्शन मांडले. मोने, रेनुआर, पिसारो, देगा, सेझान, बेर्त मोरिसो ही त्यांतली नावे. प्रवेशमूल्य एक फ्रँक. आणि साडेतीन हजारांच्या आसपास लोक आले. लुई लरुआ या टीकाकाराने मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून त्यांची थट्टा केली, आणि त्या थट्टेतूनच 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव रूढ झाले. हिशेब झाला तेव्हा मंडळाच्या प्रत्येक सभासदाच्या डोक्यावर १८४ फ्रँक ५० सेंटीमचे देणे निघाले. म्हणजे तेही नादारच! ज्या यंत्राला चित्रकार आपला शत्रू समजत होते, त्याच यंत्राच्या घरी नव्या चित्रकलेला पहिला आसरा मिळाला.

नादार १९१० मध्ये वारला. १९६५ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आणि १९९४-९५ मध्ये पॅरिस व न्यूयॉर्कच्या संग्रहालयांनी त्याच्या चित्रांची प्रदर्शने भरविली. अशा दालनातून हिंडताना रंगांचा अभाव जाणवत नाही. पोशाखाची श्रीमंती, गालांची लाली, सारे गळून पडते आणि काम करून थकलेला एक माणूस आपल्याकडे पाहतो.

आपल्याकडे पाहिले तर मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्येच, नादारचा तक्ता निघाला त्याच वर्षी, डॉ. नारायण दाजींसारखे आपले लोक तीत होते. पण राम जोशी आणि होनाजी त्यापूर्वीच गेले. त्यांची कवने आपल्या ओठांवर आहेत, त्यांचे चेहरे मात्र आपण कल्पनेनेच रंगवितो. आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तरीही आपल्या गावचा कीर्तनकार, मूर्तिकार, तमाशातली म्हातारी गायिका यांच्यासमोर घटकाभर स्नेहाने बसून, त्यांचा चेहरा नीट पाहून तो टिपणारे कितीजण आहेत? चेहरा राखण्याचे काम ज्या पिढीने करावयाचे तिनेच ते केले नाही, तर पुढच्या पिढीला ते कितीही पैसा ओतून करता येत नाही. त्या बाबतीत आपण नादार ठरू नये, इतकेच.