बाइटकोड व चळत-आधारित आभासी यंत्र

संगणकाच्या उच्चस्तरीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे भाषांतर प्रत्यक्ष यंत्राच्या भाषेत न करता एखाद्या कल्पित व सुटसुटीत यंत्राच्या भाषेत केले, म्हणजे एक मधला संकेत तयार होतो. या संकेतातील प्रत्येक आज्ञेचा क्रमांक एका बाइटमध्ये मावत असेल, तर त्यास बाइटकोड म्हणतात. ज्या कल्पित यंत्रासाठी तो रचलेला असतो ते आभासी यंत्र होय. प्रत्यक्ष संगणकावर चालणारी निर्वचक (इंटरप्रिटर) नावाची आज्ञावली या आभासी यंत्राची भूमिका वठविते. ज्या आभासी यंत्रात सर्व आकडेमोड स्मृतीतील एका चळतीवर, म्हणजे स्टॅकवर, होते त्यास चळत-आधारित यंत्र असे म्हणतात.

कार्यपद्धती : ताटांच्या चळतीत नवे ताट वर ठेवले जाते व उचलतानाही वरचेच उचलले जाते. चळत-यंत्रातील संख्यांचा व्यवहार असाच असतो. बेरजेची आज्ञा आली की यंत्र वरच्या दोन संख्या उचलते व त्यांची बेरीज चळतीवर परत ठेवते. संख्या कोठून घ्यावयाच्या व उत्तर कोठे ठेवावयाचे हे ठरलेलेच असल्याने आज्ञेत पत्ते लिहावे लागत नाहीत आणि आज्ञा अतिशय आखूड होते.

उदाहरणार्थ, पनवेलच्या एस. टी. आगारातून सुटलेल्या गाडीत वाहकाने ४० रुपयांची ३ पूर्ण व २० रुपयांची २ अर्धी तिकिटे दिली, असे समजू. एकूण रक्कम ३ × ४० + २ × २० अशी मांडली जाते. पूर्ण तिकिटांची संख्या, त्यांचा दर, अर्ध्या तिकिटांची संख्या व त्यांचा दर हे चार आकडे ० ते ३ या क्रमांकांच्या खणांत ठेविले असल्यास जावा भाषेच्या आभासी यंत्रासाठी या हिशेबाचा बाइटकोड २६, २७, १०४, २८, २९, १०४, ९६ असा होतो. येथे २६ ते २९ या आज्ञा त्या त्या खणातील संख्या चळतीवर आणतात, १०४ ही गुणाकाराची व ९६ ही बेरजेची आज्ञा आहे. चळतीवर प्रथम ३ व त्यावर ४० येतात. गुणाकारानंतर त्यांच्या जागी १२० उरतात. त्यावर २ व २० येऊन गुणाकाराने त्यांचे ४० होतात आणि अखेरच्या आज्ञेने १६० हे उत्तर मिळते. सात बाइटांत हिशेब पुरा होतो व चळतीची उंची तिनापलीकडे जात नाही. ही कमाल उंची संकलक (कंपायलर) आधीच काढून संकेताबरोबर नोंदवून ठेवतो.

आज्ञावलीतील एक उपक्रम दुसऱ्यास बोलावतो, तेव्हाही चळतच उपयोगी पडते. बोलावलेल्या उपक्रमाच्या स्थानिक संख्या व परतण्याचा पत्ता यांचा एक थर वर रचला जातो आणि काम संपताच तो उतरविला जातो.

पार्श्वभूमी : क्रियाचिन्ह संख्यांच्या मध्ये न लिहिता एका बाजूस लिहिल्यास कंसांची गरज राहत नाही, हे पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासियेविच यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले. म्यूनिकचे फ्रीड्रिख बाउअर व क्लाउस झामेल्झोन यांनी १९५७ मध्ये संगणकातील सूत्रांच्या उकलीसाठी चळतीचा उपयोग सुचविला. अमेरिकेतील बरोज कंपनीने १९६१ मध्ये जाहीर केलेल्या बी ५००० या संगणकाची प्रत्यक्ष रचनाच चळतीवर आधारलेली होती.

तथापि बहुतेक संगणकांची भाषा परस्परांहून भिन्नच राहिली. मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या देशी संगणकातील शब्द ४० द्विमान अंकांचा होता, तर १९६४ मध्ये तेथे आलेल्या सीडीसी ३६०० या अमेरिकन संगणकातील शब्द ४८ अंकांचा होता. पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील मिन्स्क-२ या सोव्हिएट यंत्राचा शब्द ३७ अंकांचा होता. एकाच शहरातील या तीन यंत्रांपैकी एकाच्या भाषेत लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालणे शक्य नव्हते आणि यंत्र निवृत्त झाले की त्याच्या भाषेत घातलेले श्रमही त्याच्याबरोबर वाया जात. परदेशी चलनाच्या टंचाईमुळे ज्या देशाला मिळेल ते यंत्र स्वीकारावे लागे, त्यास ही हानी विशेष जाचक होती.

पी-संकेत : निक्लाऊस व्हिर्ट यांनी पास्काल भाषेचा पहिला संकलक १९७० मध्ये झुरिक येथे सीडीसी ६००० मालिकेतील यंत्रासाठी सिद्ध केला. इतर यंत्रांसाठी तो मिळावा अशी मागणी वाढू लागल्यावर तेथील गटाने पास्काल-पी हा संकलक तयार केला. त्याचे फलित म्हणजे एका कल्पित चळत-यंत्राच्या आज्ञा, अर्थात पी-संकेत होय. या संकलकाच्या अंमलबजावणीची १९७४ मधील टिपणे के. व्ही. नोरी, उर्स अमान, कॅथलीन येन्सेन व एच. एच. नेगेली यांच्या नावे आहेत. यांपैकी नोरी हे भारतीय संगणकशास्त्रज्ञ होत. त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत व पुढे पुण्यास १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्रात काम केले.

या योजनेतील खुबी अशी की, पास्काल-पी संकलक स्वतः पास्कालमध्येच लिहिलेला असून त्याचे पी-संकेतातील रूपांतरही त्याच्याबरोबर पाठविले जाई. नव्या यंत्राच्या धन्याने फक्त पी-संकेताचा निर्वचक लिहावयाचा. तो चालू झाला की त्यावर संकलक चालू लागे व संपूर्ण भाषा हाती येई. मोठ्या कारखानदाराच्या साहाय्यावाचून लहान विद्यापीठालाही पास्काल वापरता येऊ लागली ती यामुळेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत केनेथ बोल्स यांच्या गटाने पी-संकेताला बाइटांचे आटोपशीर रूप देऊन तो सूक्ष्मसंगणकांवर आणला व १९७९ मध्ये ॲपल कंपनीने त्यावर आधारलेली पास्काल विक्रीस ठेवली.

जावा व नंतरचा काळ : सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९५ मध्ये प्रसृत केलेल्या जावा भाषेने ही कल्पना सर्वत्र रुजविली. तिचे जनक जेम्स गॉस्लिंग यांनी विद्यार्थिदशेत पी-संकेताच्या जातीचा एक संकेत व्हॅक्स यंत्राच्या भाषेत उतरविण्याचे काम केले होते. जावाच्या आभासी यंत्रात दोनशेच्या आसपास आज्ञा असून परक्या ठिकाणाहून आलेला संकेत चालविण्यापूर्वी यंत्र तो तपासते. चळत रिकामी असता तीवरून संख्या उचलली जात नाही ना, संख्येच्या जागी भलतीच वस्तू येत नाही ना, हे पाहिले जाते. पी-संकेताच्या योजनेत अशा पारखीला स्थान नव्हते. भ्रमणध्वनीतील अनेक सिम कार्डांवर जावाच्या याच यंत्राची एक लहान आवृत्ती काम करते.

गुणदोष : बाइटकोड आटोपशीर असून तो निर्माण करणारा संकलक लिहिणे सोपे जाते. याउलट, प्रत्येक आज्ञा वाचून तिचा अर्थ लावण्यात वेळ जातो. हा दोष कमी करण्यासाठी वारंवार चालणारे भाग ऐन वेळी प्रत्यक्ष यंत्राच्या भाषेत उतरविण्याची पद्धत रूढ झाली. जावासाठीचे हॉटस्पॉट हे यंत्र १९९९ मध्ये याच तत्त्वावर आले. चळत हा एकमेव मार्गही नव्हे. अँड्रॉइड भ्रमणध्वनींसाठी २००८ मध्ये आलेले डाल्व्हिक हे यंत्र चळतीऐवजी क्रमांकित खणांवर आकडेमोड करी. त्यामुळे आज्ञांची संख्या घटते. पण प्रत्येक आज्ञा लांबते. पुढे २०१४ मध्ये त्याची जागा दुसऱ्या योजनेने घेतली. तपशील असे बदलत गेले, तरी आज्ञावलीचे आयुष्य ती ज्यावर प्रथम चालली त्या यंत्राच्या आयुष्याशी जखडलेले नसावे, हा पी-संकेतामागील हेतू आजच्या सर्व आभासी यंत्रांत कायम आहे.